तळ्याकडच्या दाराची किल्ली

मॅनेजरने टाइप केलेला कागद पुढे सरकवला तेव्हा काकू उशांचे अभ्रे उजेडात धरून तपासत होत्या. कागदावर चारच ओळी होत्या. मी या क्लबात अकरा वर्षं नोकरीला आहे. माझ्या खोलीच्या खिडकीतून तळ्याकडचं दार दिसतं. ते दिवसा लोकांसाठी नेहमी उघडं असतं. हे मी स्वतः पाहिलं आहे. खाली सहीसाठी रेघ.

काकूंनी चष्मा घरी राहिल्याचं सांगितलं. चष्मा त्यांच्या नाकावरच होता. मॅनेजरने तो पाहिला. शुक्रवारपर्यंत द्या, एवढंच म्हणून तो निघून गेला.

काकू लिनन रूमच्या प्रमुख होत्या. चादरी, टॉवेल, नॅपकिन, पाहुण्यांचे गाऊन, क्लबातलं सगळं कापड त्यांच्या हाताखालून जायचं, आणि प्रत्येक कापडाच्या कोपऱ्यात सोनेरी दोऱ्याने साहेबांचं नाव भरलेलं असायचं. ते नाव साबणाच्या वडीवर होतं, पाण्याच्या बाटलीवर होतं, साखरेच्या पुडीवरसुद्धा होतं. शहरात त्या नावाचं अत्तर मिळायचं, घड्याळं मिळायची, गाद्या मिळायच्या. अर्ध्या शहराने साहेबांना डोक्यावर घेऊन निवडून दिलं होतं. उरलेलं अर्धं शहर त्यांचं नाव काढलं तरी जेवणावरून उठायचं.

क्लबाची जागा म्हणजे पूर्वीचं आरोग्यधाम. साहेबांनी ती घेतली तेव्हा नगरपालिकेने एक अट घातली होती, की भिंतीच्या आतून तळ्यावर जाणारी जुनी पायवाट सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत सगळ्यांना खुली राहील. आठ वर्षं ती खुली राहिली. मग निवडणुकीच्या आधी सुरक्षेचं कारण निघालं आणि दाराला साखळी आली. किल्ली जवळच्या खोलीत असावी म्हणून लिनन रूमच्या खिळ्यावर टांगली गेली. तीन वर्षांत ती दोनदा निघाली, दोन्ही वेळा पंपाच्या दुरुस्तीसाठी.

आणि दार बंद ठेवल्याची तक्रार ज्या बाईने नगरपालिकेत केली होती, जिच्या सुनावणीसाठी हा कागद होता, ती काकूंची थोरली नणंद होती.

नणंद पोहण्याच्या शिक्षिका. आता अडुसष्टच्या. शहरातली निम्मी मुलं त्यांच्या तळहातावर तरंगायला शिकलेली. तीस वर्षं त्या रोज सकाळी त्याच वाटेने तळ्यावर जात. दार बंद झालं त्या आठवड्यात एकदा त्या खांद्यावर टॉवेल टाकून आल्या, गज हलवले, कुणी आहे का म्हणून दोनदा हाक मारली. काकू आत होत्या, दहा पावलांवर. किल्ली हाताच्या अंतरावर होती. काकूंनी खिडकीचा पडदा ओढून घेतला, आणि पावलं लांब जाईपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. ही खिडकी कुणाची हे नणंदेला माहीत नव्हतं. काकूंनी ते कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

कागद आला आणि काकूंचं लक्ष उडालं. टेबलावरच्या कापडांच्या गठ्ठ्यात पलंगाच्या चादरी गेल्या. इस्त्रीखाली ठेवलेला नॅपकिन करपला. एक काम अर्धवट टाकून दुसरं घ्यायचं, तेही टाकून खिडकीपाशी जायचं, असं दिवसभर चाललं होतं.

घरी नवरा होता. बस चालवायचा. साहेबांचा कट्टर माणूस. मनगटावर साहेबांच्या नावाचं घड्याळ, ते रोज दहा मिनिटं मागे पडायचं, पण घड्याळाला नावं ठेवलेली त्याला खपत नसत. बस उशिरा का म्हणून प्रवासी विचारत, तेव्हा तो रस्त्याला दोष द्यायचा. बहिणीशी त्याने तक्रारीच्या दिवसापासून अबोला धरला होता. त्याचं म्हणणं सरळ होतं. ज्याने अकरा वर्षं काम दिलं त्याच्यासाठी एक सही जड का व्हावी? काकू म्हणाल्या की दार उघडं नसतं. तो म्हणाला, तुला कोण विचारतंय दार कसं असतं, सही कर म्हणालेत. मग स्वतःच्याच बोलण्यावर तो जरा थबकला आणि उठून बाहेर गेला.

गुरुवारी कामावरून सुटल्यावर काकू नणंदेकडे गेल्या. वाटेत दोनदा परत फिरल्या. नणंद न्हाणीघरात ओला पोहण्याचा पोशाख पिळत होत्या. आता त्या मोठ्या रस्त्याने वळसा घालून पलीकडच्या काठावर जात. गुडघे दुखतात म्हणाल्या, पण पाण्यात शिरलं की दुखत नाहीत. चहा केला. भावाची चौकशी केली नाही, पण त्याचा खोकला गेला का, हे मात्र विचारलं. काकूंनी तीन वेळा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा दुसरंच काहीतरी बोलल्या.

निघताना नणंद म्हणाल्या, "क्लबात सह्या घेताहेत ते ऐकलंय. तू काय करणार ते मला सांगू नकोस. कुणी विचारलं तर मला खोटं बोलावं लागू नये."

त्यांनी चिडून बोलायला हवं होतं, असं काकूंना रस्ताभर वाटत राहिलं.

शुक्रवारी सकाळी साहेब स्वतः खाली आले. लिनन रूममध्ये ते कधीच आले नव्हते. मागे मॅनेजर आणि आणखी दोघं होते, त्यांना त्यांनी दाराबाहेरच थांबवलं. काकूंच्या आईच्या शस्त्रक्रियेची चौकशी केली, तीही डाव्या की उजव्या डोळ्याची हे लक्षात ठेवून. मग टेबलावरचा एक टॉवेल उचलला, कोपरा बोटांवर ताणला आणि म्हणाले की यातलं दुसरं अक्षर डावीकडे झुकलंय. काकूंनी चष्मा सावरून पाहिलं. खरंच झुकलं होतं, अगदी केसभर. त्यांच्या स्वतःच्या नजरेतून ते सुटलं होतं. त्यांना लाज वाटली, आणि थोडं कौतुकही वाटलं.

साहेब खिडकीपाशी गेले. समोर दार होतं, त्यावर साखळी आणि मुठीएवढं कुलूप.

"दार उघडं आहे," ते म्हणाले.

काकूंना वाटलं ते थट्टा करताहेत. पण ते शांतपणे त्यांच्याकडे बघत उभे होते.

"कुलूप आहे साहेब."

"कुलूप आहेच. पण कुणी मागितलं तर आपण उघडतो. म्हणजे उघडंच झालं." ते हसले. "त्या तुमच्या नणंद ना? त्यांना सांगायचं होतंत, आमची किल्ली तुमच्याच घरच्या माणसाकडे आहे म्हणून."

त्यांनी खिळ्यावरच्या किल्लीकडे मान हलवली आणि गेले. त्यांच्या बोलण्यात धमकी नव्हती. तेच काकूंना जास्त लागलं. किल्ली घरच्याच माणसाकडे होती, आणि त्या माणसाने दार उघडलं नव्हतं.

संध्याकाळी मॅनेजर आला तेव्हा सहीची रेघ तशीच कोरी होती. काकू म्हणाल्या की सही होणार नाही. त्याने कारण विचारलं नाही. बाकीच्या चौदा जणांच्या सह्या आहेत, तेवढ्या पुरेशा आहेत, असं म्हणून त्याने कागद घडी करून खिशात घातला.

तिथे गोष्ट संपवता आली असती. शनिवार-रविवार काकूंनी स्वतःची हीच समजूत घातली. सही केली नाही, आता आपले हात स्वच्छ आहेत. पण त्या बसल्या जागी टिकत नव्हत्या. धुतलेली भांडी पुन्हा धुतली. कपाट रिकामं केलं, पुन्हा लावलं. शेवटी नवराच म्हणाला की तुझ्या अंगात काय शिरलंय, जरा खाली बस. सोमवारी त्यांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

सुनावणी नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावर होती. खोलीत पंखा कुरकुरत होता. काकू शेवटच्या रांगेत बसल्या. क्लबाच्या वकिलाने चौदा कागद एकामागून एक वाचून दाखवले. नणंद पुढे ताठ बसल्या होत्या, मागे वळून बघत नव्हत्या. अधिकारी बाईंनी चष्मा काढला आणि आणखी कुणाला काही सांगायचं आहे का, असं विचारलं, उत्तराची फारशी अपेक्षा न ठेवता.

काकू उभ्या राहिल्या. मग एकदम सगळं बोलल्या.

"त्या दाराची किल्ली तीन वर्षं माझ्या खोलीत आहे. ती दोनदा निघाली, पंपासाठी. लोकांसाठी कधीच नाही. पहिल्या आठवड्यात या बाई आल्या होत्या, त्यांनी हाक मारली. मी आत होते. मी पडदा ओढला."

वकील म्हणाला की बाई नातेवाईक आहेत. काकू म्हणाल्या, हो, म्हणूनच पडदा ओढला. खोलीत कुणीतरी हसलं. नणंदेने आता मागे वळून पाहिलं, आणि पुन्हा तोंड फिरवून घेतलं.

निकाल महिन्याने लागला. दार रोज उघडायचा हुकूम झाला. साहेबांनी तो मान्य केला, एवढंच नाही तर समारंभ केला. कमानीवर सोनेरी अक्षरांत पाटी लागली, की ही वाट साहेबांकडून शहराला सप्रेम भेट. काकूंच्या नवऱ्याने वर्तमानपत्रातला फोटो बघितला, बघ, शेवटी दिलं ना त्यांनी, असं म्हणाला, आणि सुनावणीपासून बायकोशी धरलेला अबोला त्या दिवशी सोडला.

काकूंना क्लबाने काढलं नाही. धुलाईच्या शेडमध्ये हलवलं, वाफेच्या यंत्रांपाशी, खिडकी नसलेल्या जागेत. सहा आठवडे काढून त्यांनी स्वतःच राजीनामा दिला. आता त्या एका इस्पितळात आहेत. तिथल्या चादरी जाड्याभरड्या, त्यांवर निळ्या शाईचा शिक्का.

नणंद मात्र दोन महिने आल्या नाहीत. फोन केला तर कामात आहे म्हणत. मग एका रविवारी दारात उभ्या राहिल्या, केस ओले. भाऊ आत होता, त्याला ओलांडून त्या थेट स्वयंपाकघरात आल्या.

"साखळी लावली त्याचा मला राग नव्हता," त्या म्हणाल्या. "परक्याने लावली होती. पण तो पडदा तू ओढलास, हे कळलं नसतं तर बरं झालं असतं."

"मलाही सांगायचं नव्हतं," काकू म्हणाल्या.

"मग सांगितलंस का?"

काकू ओट्यावरचं फडकं उलगडत आणि पुन्हा घडी घालत राहिल्या. मग नणंदेने ते फडकं काकूंच्या हातातून काढून घेतलं, स्वतःचे केस पुसले आणि बसायला स्टूल ओढलं.