जातो म्हणायचं नाही

शिकागोत मोठ्या लीगच्या दोन टीम आहेत, आणि आमच्या शॉमबर्ग उपनगरातली मराठी माणसं बेसबॉल बघतच असली तर त्यांतली एखादी धरून बसलेली असतात. मी बगळ्यांची. टीमचं खरं नाव हेरन्स. बगळे हे नाव माझ्या नवऱ्याने, गुरुनाथने, ठेवलं, आणि प्रेमाने ठेवलं असं मुळीच नाही. ही आमच्या भागातली लहान लीगची टीम. मोठ्या टीमनी ज्यांना घेतलंच नाही, किंवा घेऊन सोडून दिलं, अशी विशी-पंचविशीतली मुलं इथे खेळतात. प्रत्येकाला वाटत असतं, एखाद्या दिवशी मोठ्या टीमचा माणूस येऊन बसेल, आपल्याला बघेल आणि वर घेऊन जाईल. बहुतेकांच्या बाबतीत तसं होत नाही. हे मला कळतं. तरी लोक मला ते समजावून सांगायला लागले की माझं डोकं फिरतं.

या मुलांचा पगार जेमतेम, म्हणून सीझनपुरतं त्यांना ठेवून घेणारी घरं टीम शोधते. आमच्याकडे गेस्ट रूम रिकामी. सावनी, आमची मुलगी, कॅलिफोर्नियात सनीव्हेलला गेल्यापासून तिचीही खोली बंदच, पण तिला हात लावायचा नाही असा तिचा हुकूम आहे. मी टीमच्या ऑफिसला फोन करून टाकला. गुरुनाथ म्हणाला, अनोळखी माणूस घरात ठेवायचा? मी म्हटलं, तू लग्न करून आणलंस तेव्हा मी तरी कुठे ओळखीची होते.

मे महिन्यात नेब्रास्काहून कोल्टन आला. डावखुरा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, सहा फुटांच्या वर, बोलायला लाजरा. दुसऱ्याच दिवशी आम्ही त्याचा कोलते करून टाकला. थालिपीठावर केचप ओतायचा, मी न बघितल्यासारखं करायचे. मराठी मंडळातल्या प्रीताने मला बाजूला घेऊन विचारलं, घरात बीफ वगैरे आणतो का गं तो? म्हटलं, आणतो ते फक्त मळके मोजे.

मॅचच्या दिवशी निघताना मी त्याच्या हातावर दही-साखर ठेवायचे. आधी त्याला ते औषध वाटलं. पहिल्याच दिवशी तो दारातून "गोइंग, काकू" म्हणाला आणि मी त्याला अडवलं. आमच्यात निघताना जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. त्याला याची भारी गंमत वाटली. निघालोय मी आणि म्हणायचं काय, तर येतोय? अगदी बरोबर, म्हटलं. तेव्हापासून तो रोज "येटो, काकू" म्हणायला लागला. मी म्हटलं, चालेल.

आणि तो चांगला खेळत होता. जूनमध्ये त्याने पाठोपाठ तीन मॅच अशा काढल्या की गुरुनाथही टीव्ही बंद करून माझ्याबरोबर मैदानावर यायला लागला. पार्किंगला सोबत म्हणून, असं म्हणायचा. मी मोठ्याने सांगून ठेवलं होतं की आमचा कोलते वर जाणार, आणि त्याच्या मागोमाग टीममधली आणखी दोन पोरंही जाणार.

सावनीला हे सगळं व्हिडिओ कॉलवर कळायचं. ती चिपच्या कंपनीत आहे. आकड्यांवाचून तिचं पान हलत नाही.

"आई, मी त्याचे नंबर्स चेक केले," ती म्हणाली. "या लीगमधून वर जाण्याचे चान्सेस ऑलमोस्ट झीरो आहेत. आणि तो चोवीस वर्षांचा आहे. बेसबॉलमध्ये दॅट्स ओल्ड. तू उगाच अटॅच होतेयस, यार."

आईला यार म्हणते. ते एक असो. पण टक्केवारी हिने मला शिकवावी? उभा जन्म मी हॉस्पिटलात भूल देण्यात घालवला. टेबलावरचा माणूस उठण्याची शक्यता किती, ते मला सर्जनच्या आधी कळायचं. घरच्यांनी विचारलं तर खरं ते सांगायचे. पण तोंडावर मास्क धरल्यावर, त्या शेवटच्या क्षणी, मी एकाही पेशंटला आकडा सांगितला नाही. "उठलात की भेटू," एवढंच म्हणायचे. काही उठले नाहीत. म्हणून पुढच्याला मी दुसरं काही म्हणाले नाही. सावनीला मी हे सांगितलं, तर गुरुनाथ मागून म्हणाला, जन्मभर लोकांना भूल दिली, आता स्वतःच घेऊन बसलीय. दोघं हसले. मी फोन ठेवला.

जुलैमध्ये कोलतेला मॅनेजरने सांगितलं की शनिवारी एका मोठ्या टीमचा माणूस येतोय, खास त्यालाच बघायला. शनिवारी निघताना त्याने दही दोनदा मागून घेतलं.

पहिल्या दोन इनिंग सुरेख गेल्या. तिसरीत काय झालं कोण जाणे, त्याचा बॉल जिथे जायला हवा तिथे जाईना. एक बॅटर फुकट पुढे गेला, मग दुसरा, आणि मग एकाने बॉल कुंपणाच्या पार भिरकावला. मी उभी राहून ओरडले, "कोलते, खांदा सैल सोड." आजूबाजूच्या लोकांना माझी सवय आहे. गुरुनाथ खाली बस म्हणाला नाही, उलट तोही उभा राहिला. इनिंग संपायच्या आतच मोठ्या टीमचा माणूस टोपी घालून निघून गेला. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोलते किट बॅग घेऊनच घरी आला. टीमने त्याला सोडलं होतं. जागा कमी, तरुण पिचर रांगेत, मॅनेजर चांगलं बोलला म्हणे. चांगलं न बोलून करतो काय. कोलतेने चादरींच्या घड्या करून पलंगावर ठेवल्या. गुरुनाथ बाहेर गेला आणि कोलतेच्या गाडीच्या टायरमधली हवा बघत बसला.

मी वाटी घेऊन दारात उभी राहिले. त्याने हात मागे घेतला. आज मॅच नाहीये काकू, म्हणाला.

"असू दे. हात पुढे कर."

त्याने केला. दही तसंच तळहातावर राहिलं.

"आता काय म्हणायचं असतं?" मी इंग्रजीत विचारलं.

 तो म्हणाला, ते खोटं होईल. वडिलांनी गावात धान्याच्या कोठारावर काम बघून ठेवलंय. खेळ संपला माझा. मी काही परत येत नाही.

"तुझा खेळ संपला की नाही हे मला माहीत नाही," मी म्हटलं. "तुझ्या मॅनेजरलाही माहीत नाही. तो तुझ्या तिसऱ्या इनिंगबद्दल बोलतोय. मी या दाराबद्दल बोलतेय. या दारातून जातो म्हणून कुणी निघत नाही, आणि तू सुरुवात करायची नाहीस."

मी दारातून हलले नाही. सहा फुटी मुलगा, मनात आणलं असतं तर मला उचलून बाजूला ठेवता आलं असतं. त्याने दही खाल्लं, हात जीन्सला पुसला.

"येतो, काकू," तो म्हणाला. ट नाही, स्वच्छ त.

सोमवारी सकाळी टीमच्या ऑफिसमधून फोन. पुएर्तो रिकोचा एक कॅचर येतोय, बावीस वर्षांचा, हात फार जबरदस्त आहे. तुमची खोली आता रिकामी झालीच असेल ना? मी म्हटलं, ती खोली रिकामी नाही. पण पाठवा त्याला, दुसरी आहे.

गुरुनाथने पेपर खाली केला. मी वर जाऊन सावनीची खोली उघडली, खिडक्या सताड उघड्या टाकल्या, स्पेलिंगच्या स्पर्धांची मेडल्स आणि तिची खोकी बेसमेंटमध्ये नेली. तोवर त्याने तिला कळवलंच होतं. तिचा फोन आला.

"आई, दॅट्स माय रूम. आणि कोलतेची रूम रिकामी आहे ना? ही इज नॉट कमिंग बॅक."

"तो येतो म्हणून गेलाय," मी म्हटलं. "तू बाय म्हणून गेलीस."

 मग एकदम हळू आवाजात ती म्हणाली की गणपतीला यायचं बघते, बॉसला विचारते.

"ये ना," मी म्हटलं. "पण सोफ्यावर झोपावं लागेल. सीझन सप्टेंबरपर्यंत आहे."

फोन ठेवला आणि दुधाला विरजण लावायला उठले.