एका बाजूची साल

तुंगार्ली तळ्यासमोरच्या एका बंगल्यात जांभळाची तीन झाडं होती. त्यांच्यामुळे मालकांना गच्चीवरून तळं दिसत नसे. जिवंत झाडं तोडायची परवानगी त्यांना दोनदा नाकारली गेली होती. मेलेल्या झाडांची मिळते, हे बंगल्याचा राखणदार कैलास याला माहीत होतं.

मार्चमध्ये डोंगरावरचं गवत संपलं, तेव्हा त्यानं ठाकरवाडीतल्या सावित्राबाईला बोलावलं. नवरा गेल्यापासून ती सात शेळ्यांवर जगत होती.

"मावशी, आण की शेळ्या हितं. पाणी हाय, पाला हाय."

"मालक रागावत्याल."

"मालकच म्हनले."

शेळ्या जांभळांच्या खोडांनाच बांधायच्या, तेही आखूड दोरीनं, एवढी एक अट होती. रोज सकाळी कैलास खोडांना बादलीतलं पाणी फासायचा. शेळ्या आधी खोड चाटू लागल्या, मग साल खाऊ लागल्या. शेळीला वरचे पुढचे दात नसतात. खालच्या दातांनी ती साल उचकटते आणि मान वर झटकून पट्टी ओढून काढते.

सावित्राबाईनं खोडावर बोट फिरवून जिभेला लावलं.

"भाऊ, खारट लागतंय."

"वाळवीचं औषध हाय."

"शेळ्या साल खात्यात पर."

"खाऊ दे की. तुज्या बापानं लावल्यात का झाडं?"

ठाकरवाडीत औषधाला साल काढतात ती झाडाच्या एकाच बाजूची, तळहाताएवढी, आणि जखमेवर लगेच ओली माती थापतात. चौफेर साल गेली की पानांतलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही. सावित्राबाईला कारण माहीत नव्हतं. झाड मरतं, एवढं माहीत होतं. शेळ्या परत नेल्या असत्या तर डोंगरावर त्यांना खायला काही नव्हतं. म्हणून ती रोज संध्याकाळी तळ्याकाठची माती आणायची, तीत शेण कालवायची आणि तिन्ही खोडं लिंपून घ्यायची. सकाळी कैलासच्या पाण्यानं लिंपण निघून जायचं.

"लाव, लाव," कैलास हसायचा. "हळद बी लाव. लगीन लावू जांभळीचं."

मेमध्ये पानं पिवळी पडली. परक्या शेळ्या घुसून झाडं मेली, असा अर्ज मालकांनी केला. पाहणीला उज्ज्वला आली. ती वनस्पतिशास्त्र शिकलेली होती आणि वडगावच्या वनकचेरीसाठी कंत्राटावर असं काम करायची. तिनं चाकूनं लिंपण खरवडलं. खाली साल नव्हती, कुठल्याच बाजूला. उघड्या लाकडावर दातांचे चरे होते. तिनं ते मोजले. बोट जिभेला लावलं आणि कैलासकडे पाहिलं.

"मीठ कुणी लावलं?"

"कसलं मीठ, मॅडम?"

"औषध हाय त्ये, बाई," सावित्राबाई म्हणाली. "भाऊच लावत्यात."

"घ्या! शेळ्या हिच्या, दात शेळ्यांचे, अन् नाव माजं!"

उज्ज्वलाकडे नमुन्याच्या डब्या नव्हत्या. तपासल्याशिवाय मीठ लिहिता येत नव्हतं. डब्या घेऊन उद्या पुन्हा येता आलं असतं. अहवाल मात्र आजच वडगावला पोचायचा होता. तिनं छापील कागद उघडला. प्राणी: शेळ्या. साल: चौफेर गेलेली. शेळ्या कोणाच्या?

"माज्याच," सावित्राबाई म्हणाली. "आन् ह्ये बी लिवा बाई, माती म्या लावली. रोज लावली. कुनी सांगितलं नव्हतं."

शेऱ्याच्या रकान्यात उज्ज्वलानं स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'शेळ्यांच्या मालकिणीने खोडांवर माती लिंपून नुकसान झाकले. तिने स्वतः कबूल केले.'

चार दिवसांनी शेळ्या कोंडवाड्यात न्यायला टेम्पो आला. पंचनाम्यासाठी उज्ज्वलाही आली होती. पाच शेळ्या चढल्या. सहावी गाभण होती, चढेना. कैलासनं तिला शेपटीला धरून आत लोटलं.

सावित्राबाई उज्ज्वलाजवळ आली.

"बाई, मातीचं लिवलंत न्हवं?"

"हो. लिहिलंय."

"मग सोडत्याल," असं म्हणून तिनं सातवी शेळी आपल्या हातांनी उचलून टेम्पोत दिली.