इंजिनातला ससा

मित्रांनो, मी एक जुना पत्रा आहे. जन्माने गोळ्यांच्या डब्याचं झाकण! माझ्यावर एक गुबगुबीत ससा रंगवला होता. गोळ्या संपल्यावर मी एका गॅरेजात आलो आणि खिळ्यांच्या डब्यावर बसून राहू लागलो.

एके दिवशी शाळेची डिझेल गाडी तिथे आली. ती चालवणाऱ्या मावशी मेकॅनिकला म्हणाल्या, "उस्ताद, चढ आला की गाडी रडते रे. मुलं विचारतात, उतरून ढकलू का?"

इंजिनातून निघालेला थोडा धूर पुन्हा इंजिनात पाठवणारा एक व्हॉल्व्ह असतो. त्यामुळे आतली आग फार भडकत नाही आणि बाहेर विषारी वायू कमी जातो. या गाडीचा व्हॉल्व्ह मात्र काजळीने माखून उघडाच अडकला होता, म्हणून चढावर धुराने इंजिनाचा दम कोंडायचा.

"काढूनच टाकतो त्याला," उस्ताद म्हणाले. "तिथे पत्रा ठोकला की गाडी हरणासारखी पळेल!"

"साफ नाही का होणार?"

"अख्खा दिवस जाईल, मावशी. पत्र्याला अर्धा तास. बोला!"

शाळा सुटायची वेळ झाली होती. मावशींनी नाइलाजाने मान हलवली.

कचाकच कात्री चालली आणि मी इंजिनात! काय ती धडधड, काय ती ऊब! गाडी सुसाट चढ चढली. मुलांनी टाळ्या पिटल्या. माझी छाती फुगली. पण शाळेच्या फाटकापाशी गाडी सुरू ठेवून उभी राहिली, की पहारेकरी काका डोळे चोळायचे. धूर तर दिसत नव्हता! मला मात्र ठाऊक होतं, विषारी वायू बाहेर जात होता, कारण धुराची परतीची वाट मीच अडवली होती.

मग वार्षिक तपासणी आली. तपासणीचे साहेब विजेरी घेऊन इंजिनावर वाकले.

"मावशी, हा कान कुणाचा?"

"कान?"

"सशाचा! इंजिनात ससे पाळता की काय?"

घाईत कापताना माझा एक कोपरा बाहेर राहिला होता!

"पाचच्या आत व्हॉल्व्ह बसवून आणा. नाहीतर उद्यापासून गाडी बंद."

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. बावीस मुलं आणि घरात कमावणाऱ्या त्या एकट्या! त्यांनी थेट गॅरेज गाठलं.

"उस्ताद, तुझ्या सशाने माझं नाक कापलं!"

उस्तादांनी जीभ चावली. भंगारातून व्हॉल्व्ह शोधून काढला. दोघं ब्रश घेऊन बसली, कोपरापर्यंत काळी झाली. घड्याळ पळत होतं. 'लवकर, लवकर!' मी आतून ओरडत होतो. शेवटी बोल्ट सुटले, मी टणकन खाली पडलो आणि चकचकीत व्हॉल्व्ह माझ्या जागी बसला. अख्ख्या दिवसाचं म्हणे काम, दोन तासांत झालं! पाचला दहा मिनिटं कमी असताना साहेबांनी शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी गॅरेजाच्या खिडकीतून मी ऐकलं. भरलेली गाडी न अडखळता चढ चढत होती. माझ्याशिवाय!

मित्रांनो, कुणी कामात अडखळलं, तर त्याला काढून टाकायची घाई करू नका. आधी बाह्या सरसावा, त्याची काजळी पुसून बघा. मी आता रिकामा आहे, आणि खरं सांगू? एवढा खूश मी कधीच नव्हतो.