भाकर मोडायची परवानगी

एकतीस वर्षं न्यामुदाच्या देवळात प्रभुभोजनाची भाकर मीच करत आले. गव्हाचं पीठ, पाणी, चिमूटभर मीठ, खमीर नाही. जाड बुडाच्या पातेल्यात घालायची आणि झाकणावरही निखारे ठेवायचे. पाळक बदलले, क्रोमची खाण बंद पडली, भाकर करणारी मात्र तीच राहिली. उपासनेत येशूच्या आठवणीने ती मोडून सगळ्यांना देतात, पण मी ती एकदाही मोडली नाही. मोडायची ती अभिषेक झालेल्या पाळकानेच, असा आमच्या मंडळीचा नियम. मळायला माझे हात चालतात, मोडायला चालत नाहीत, आणि इतक्या वर्षांत मला त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं.

वाटलं ते माई नेत्साईमुळे.

माई नेत्साईने आणि मी लाल ब्लाउज एकाच गुरुवारी अंगात घातला. आमच्या बायकांच्या संघाचा तो गणवेश, लाल ब्लाउज आणि पांढरी टोपी. तेव्हापासून आम्ही सख्ख्या बहिणींपेक्षा जास्त भांडलो. गेल्या वर्षी तिचं पोट फुगायला लागलं आणि हातपाय काडीसारखे झाले. दवाखान्यातल्या नर्सने गोळ्या दिल्या, पण देताना तिच्याकडे बघितलं नाही. तेव्हाच मी काय ते समजले. नोव्हेंबरपर्यंत ती दोन चमचे पेजेवर आली. मागणं एकच होतं, मरायच्या आधी प्रभुभोजन.

पाळकांना आमच्याकडे मुफुंदिसी म्हणतात. आमच्या मुफुंदिसी चिनोदांकडे अकरा गावांच्या मंडळ्या आणि एक मोटारसायकल. शेवटचे आले ते ऑगस्टमध्ये.

"कधी येणार गं तो फटफटीवाला?" माई नेत्साईने विचारलं.

"मुफुंदिसी म्हणावं."

"बरं, मुफुंदिसी. कधी येणार?"

"क्लचची तार तुटलीय म्हणे."

"ऑगस्टपासून? येशू गाढवावर बसून आला होता बाई. गाढवाला क्लच नसतो." मग श्वास घेऊन म्हणाली, "मग तूच दे की."

"माझ्या हाताला चालत नाही."

"काय धाड भरलीय तुझ्या हाताला? पीठ तर तूच बडवतेस."

 मी तिची उशी बडवली.

त्याच आठवड्यात ग्वेरूहून विभागाचं पत्र आलं. मंडळीने एकत्र कसं जमावं, उपासना कशी करावी, याचा नव्याने विचार करायला दोन दिवसांची सभा आहे, प्रत्येक गावाने एक माणूस पाठवावं. जाणार होते बाबा मुझेंगी. बाबा म्हणजे मंडळीचा कारभार बघणारे. खाणीच्या गोदामावर होते, तिथे त्यांच्या सहीशिवाय खिळा हलत नसे. गोदाम गेलं, पण देवळाच्या किल्ल्या अजून त्यांच्या कमरेला आहेत. ऐन वेळी त्यांचा गुडघा धरला.

"तू जा," माई नेत्साई म्हणाली. "आणि विचार त्यांना. तोवर मी कुठे जात नाही." स्वतःच हसली आणि हसताना पोट धरून बसली.

"जा," बाबाही म्हणाले, "पण चारचौघांत आपली शोभा करू नका."

ग्वेरूला खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. हरारेहून आलेल्या बाई लोण्यासारख्या मऊ आवाजात बोलायच्या. देऊळ म्हणजे भिंती नव्हेत, म्हणाल्या. आम्ही आमेन म्हटलं. आमच्या देवळाच्या कोसळलेल्या निम्म्या छपराने हे आधीच ठरवलं होतं. खाण चालू असताना आम्ही तीनशे बसायचो, आता नऊ जण कोरडी जागा बघून बसतो. मग त्यांनी रंगीत कागद वाटले. आपण काय सोडायला तयार आहोत, ते लिहा. कुणी लिहिलं घंटा, कुणी लिहिलं लांबलचक प्रवचनं, त्यावर खूप हशा झाला. घराघरांत जमू, झाडाखाली जमू, बाजारात जमू, म्हातारी माणसं आहेत तिथे देव नेऊ. खोटं कशाला बोलू, माझा जीव सुपाएवढा झाला. मला वाटलं, हे सगळं माई नेत्साईसाठीच चाललंय.

मी उभी राहिले. "आमच्या गावी एक बाई मरायला टेकलीय. पाळकांना अकरा गावं आहेत. भाकर मी करते. मोडू का?"

टाळ्या झाल्या. बायका जागेवरून उठून जीभ लवलवत आनंदाच्या किलकाऱ्या द्यायला लागल्या. हरारेच्या बाईंनी डोळे पुसले, पिवळ्या कागदावर मोठ्या अक्षरात 'हात' असं लिहिलं आणि कागद भिंतीवर चिकटवला.

"हा प्रश्न समितीकडे जाईल," त्या म्हणाल्या.

"समिती कधी बसते?"

"मे महिन्यात."

चहाच्या वेळी मी मुफुंदिसी चिनोदांना कोपऱ्यात गाठलं. माणूस वाईट नाही, अकरा गावांनी गालफडं पार बसवलीत. "मेपर्यंत ती राहत नाही," मी म्हटलं. "तुम्ही नुसतं हो म्हणा."

त्यांनी चहा ढवळला. "माई, मी हो म्हटलं तर मला काढतील. मला काढलं तर अकरा गावांना तेवढंही मिळायचं नाही. शनिवारी येतो. चालत यावं लागलं तरी येतो."

गुरुवारी मी परतले. शुक्रवारी सकाळी दुसऱ्या दिवसासाठी भाकर केली आणि निदान वास तरी घेऊ दे तिला, म्हणून फडक्यात गुंडाळून तिच्याकडे नेली. संघातली माई शुवाई तिला पाठीमागून धरून बसली होती. बाबा मुझेंगी दाराशी स्टुलावर होते, आजाऱ्याला भेटायला आलेले. उशाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत लाल ब्लाउज होता, इस्त्री करून ठेवलेला.

"आणलीस?" माई नेत्साई म्हणाली. आवाज अगदी खोल गेला होता.

"उद्या मुफुंदिसी येतायत. ही उद्यासाठी आहे."

"उद्या लांब आहे, माई तिनो. मोड."

मी फडकं उघडलं. भाकर अजून ऊन होती. दोन्ही अंगठे तिच्यावर टेकले, हे मला पक्कं आठवतं.

"माई तिनोतेंदा," बाबांनी पूर्ण नावाने हाक मारली. "असं कराल तर लाल ब्लाउज उतरवावा लागेल. तुमचा, आणि घेणारीचाही. यांना मग साध्या कपड्यात पुरावं लागेल, आणि संघाला गाता येणार नाही. नियम मी केलेला नाही."

आमच्यात संघाची बाई लाल ब्लाउजमध्ये जाते आणि बाकीचे लाल ब्लाउज खड्ड्याभोवती फिरत गातात. तसं गेलं नाही तर चोरीमारी करून मेल्यासारखं दिसतं. तिची मुलगी जोहान्सबर्गहून येणार होती. मी त्या पिशवीकडे बघितलं.

"पोत्यात पुरा मला," माई नेत्साई म्हणाली. "मोड गं."

"एक दिवस," मी म्हटलं. "एकच दिवस कळ काढ, माझी बाई."

मी फडकं गुंडाळलं. तिने तोंड भिंतीकडे केलं. रागावली नव्हती, रागावली असती तर शिव्या दिल्या असत्या. दुपारी साडेतीनला ती गेली.

शनिवारी मुफुंदिसी आले. अर्धी वाट मोटारसायकल ढकलत आले, शब्द पाळला त्यांनी. माई नेत्साईला आम्ही लाल ब्लाउजमध्ये पुरलं आणि सगळ्यांनी फिरत गायलं. लोक खूप आले होते, म्हणून मुफुंदिसींनी तिथेच प्रभुभोजन दिलं. कालची भाकर कडक झाली होती. मोडताना त्यांना जोर लावावा लागला. बाबा मुझेंगी कौतुकाने म्हणाले, "पाहिलंत, सगळं कसं रीतसर झालं." मी भाकरीचे पडलेले कण वेचत होते, म्हणून मला वर बघावं लागलं नाही.

मे महिन्यात समिती बसली. जूनमध्ये शिक्का मारलेलं पत्र आलं. घरोघरी जमावं, आणि किमान तीन जण असतील तर नेमलेल्या सभासदाने भाकर मोडावी, मग ती बाई असली तरी. न्यामुदाला मला नेमलं होतं. खाली हरारेच्या बाईंनी हाताने लिहिलं होतं, 'तुमच्या प्रश्नाने दार उघडलं.'

तोवर नवातले सहा जण पांगले होते. काही जोहान्सबर्गला गेले, काही कर्णा लावून प्रवचन देणाऱ्या नव्या संदेष्ट्याकडे. उरलो मी, बाबा आणि माई शुवाई. माझ्या बाहेरच्या खोलीत तीन खुर्च्या गोलात मांडल्या. तीन खुर्च्यांच्या गोलातही बाबा मुझेंगींनी पहिली रांग शोधून काढली आणि तिथे बसले. मी प्रार्थना म्हटली आणि भाकर मोडली. किती सहज मोडली गेली. बाबांनी तळव्यावर तळवा ठेवून माझ्यापुढे हात धरले. मी माझ्या हातांकडे बघितलं. अंगठ्यावर तोच पातेल्याचा चटका, तीच वाकडी करंगळी. शिक्क्याने त्यांच्यात काहीसुद्धा नवं आलं नव्हतं. त्या शुक्रवारीही हेच हात होते, आणि तिला पुरले असते.

"छान झालीय भाकर," बाबा खाऊन म्हणाले.

ऑगस्टमध्ये माई शुवाईला तिचा मुलगा घेऊन गेला. पुढच्या रविवारी आम्ही दोघंच. मी सवयीने भाकर केली होती. बाबांनी पत्र काढून दोनदा वाचलं. घडी घातली, परत उघडली. गेल्या काही महिन्यांत तेही खूप वाळलेत, गुडघा आता काठीशिवाय चालत नाही.

"तीन म्हटलंय," ते म्हणाले. मग खाली बघत, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, हळूच म्हणाले, "पण इथे बघायला कोण आहे, माई? मोडा."

हात तेच होते. भाकर ऊन होती. पण जो नियम मी माई नेत्साईसाठी मोडला नाही, तो मी बाबा मुझेंगींसाठी कसा मोडू?

"तिसरं कुणी येतंय का बघू," मी म्हटलं आणि भाकरीवर फडकं टाकलं.  दाराकडे बघत आम्ही दोघं दुपारपर्यंत बसून राहिलो.