उघडं पाकीट

रूपला नाईकानं स्वतःच्या हातानं रामकिसन मास्तरांच्या डोक्यावर फेटा बांधला, तेव्हा मास्तरांना वाटलं, धरणीनं पोटात घेतलं तर बरं.

त्या तांड्याची रीतच तशी. पोराला वाट दाखवणाऱ्याला नाईकाच्या बाजेवर बसवायचं आणि सगळ्यांदेखत फेटा बांधायचा. मास्तरांनी तांड्यातल्या देवलाला वाट दाखवली होती म्हणे! काय दाखवली, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

उन्हाळ्यात देवला सातवीची फायनल पास झाला. तांड्यातून एवढं शिकलेला तो पहिलाच. त्याच सुमारास वरून कागद आला. अकोल्याला मास्तरकी शिकायला शाळेतून एक नाव पाठवा, बंजारा विद्यार्थी असेल तर आधी त्याचं, राहणं-जेवण सरकारचं. देवलाचा जीव त्या मास्तरकीत अडकलेला. पण मास्तरांची बहीण गोजराबाई जगदेवलाच अकोल्याला पाठव म्हणून दारात बसून डोळे पुसत होती. तिचा हा पोरगा दोनदा नापास होऊन कसाबसा पास झाला होता. मास्तर विरघळले. कागदावर लिहिलं, 'तांड्यातील लायक विद्यार्थी नाही.' खाली भाच्याचं नाव.

वर देवलाला जवळ बसवून मोठ्या मायेनं सांगितलं, "तू जंगल खात्यात नाकेदार हो. तुमच्या लोकाले रानाची सवय. मास्तरकी तुले झेपनार नाई." वा रे सल्ला! आणि तो कागद जवळच्या मालेगावच्या टपालात टाकायला दिला कुणाजवळ? देवलाजवळच. माणूस एकदा निर्लज्ज झाला की त्याला काहीही सुचतं.

आता तांडा आनंदात होता. पोरगं नाकेदार होणार, खाकी घालणार. देवलाची माय धुरपताबाई पुढं आली. तिच्या हातात कवड्या लावलेली, लाल-पिवळ्या धाग्यांनी भरलेली पिशवी होती.

"अकोल्याले पुस्तकं न्यायले शिवत होती, मास्तर," ती म्हणाली. "नाकेदाराले कायले पुस्तकं? तुमीच घ्या."

मास्तरांनी पिशवी घेतली. समोरचा गूळ-भात तसाच राहिला, आणि तांड्याला वाटलं, मास्तर लाजून राह्यले.

परतताना देवला ओढ्यापर्यंत पोचवायला आला. मास्तर ओढ्यातच थांबले. आता नाही बोललो तर जन्मात बोलणार नाही, हे त्यांना कळलं.

"देवला, तो कागद..."

"मले ठाऊक हाय, गुर्जी."

"काय ठाऊक हाय?"

"डिंक पातळ होता. पाकीट रस्त्यातच उघडलं. तुमच्याच अक्षरावर हात गिरवला म्या, वाचाले कितीक वेळ लागते?"

मास्तरांच्या कानशिलांत आग पेटली. "मंग टाकला काहून? फाडून फेकला असता, बाप्पा!"

"तुमी टाकाले सांगतलं होतं."

एवढंच. रागावलासुद्धा नाही पोरगा. रागावला असता तर मास्तरांना सोसवलं असतं.

"म्या दुसरा कागद लिहितो. आजच लिहितो."

"जगदेव सोमवारी गेला ना अकोल्याले."

"मंग तांड्यात सांगतलं काहून नाई? मले फेटा काहून बांधू देला?"

देवला पायानं ओढ्यातला गोटा लोटत राहिला. "सांगतलं असतं तर नाईकानं एक बी पोरगं शाळेत धाडलं नसतं. आता उद्यापासून तिघं येऊन राह्यले. त्याइच्यात लखमाची पोरगी बी हाय."

मास्तरांनी फेट्याला हात घातला, पण काढायचीही हिंमत झाली नाही. तांड्यावरून धुरपताबाई बघत उभी होती.

"एकच मागनं हाय, गुर्जी," देवला म्हणाला. "हे तिघं सातवी पास झाले, का त्याइचा कागद बी माह्याच हातात द्या. पन पाकीट चिकटवू नोका. उघडंच द्या."

तो वळला आणि तांड्याकडे चालू लागला. मास्तर फेटा बांधलेल्या डोक्यानं, ती पिशवी छातीशी धरून, ओढ्यात उभे राहिले.