पौंडाच्या जागी सिग्मा

भागिरथानं वाशीमच्या एका वकिलाकडून जुना विलायती टाइपरायटर घेतला आणि जवळच्याच मालेगावात बस स्टँडसमोर टेबल मांडलं. तिचे वडील ग्यानबा शाळेत शिपाई होते. पोरगी मिनिटाला पन्नास शब्द मारते, हे ते रस्त्यात कोणालाही थांबवून सांगत.

शहात्तरच्या उन्हाळ्यात शेलूबाजारजवळच्या तांड्यावरचा सेवालाल तिच्याकडे दीडशे पानांचं बाड घेऊन आला. तो अकोल्याला शेतकी एम.एस्सी. करत होता. इंझोरीच्या कपाशीवरच्या अळ्या मोजमोजून त्यानं प्रबंध लिहिला होता आणि अकोल्यातल्या टायपिंगवाल्यांकडे महिन्याची रांग होती.

"सगळं जमते," भागिरथा पानं चाळत म्हणाली. "पन हे वाकडं काय हाये?"

"सिग्मा. बेरजेची खूण. ग्रीक अक्षर हाये, ताई."

"ग्रीक माह्या मशीनवर कोठून येईन?"

जागा सोडून हातानं काढावं, तर अशा दोनशे जागा आणि प्रती पाच. शिवाय सेवालालच्या हातचा सिग्मा त्याच्या सरांनी एकदा इंग्रजी ई समजून वाचला होता.

भागिरथाचं बोट कळांवरून फिरत पौंडाच्या चिन्हावर थांबलं. "हे काढू. आपल्याले कोन पौंड देऊन राह्यलं?"

दोघं गोपीचंद सोनाराकडे गेले. त्याच्या घरात पिढ्यान् पिढ्या मोहरा कोरल्या जात. टाइपरायटरचा खिळा उलटा कोरला तरच कागदावर अक्षर सुलटं उमटतं, हे भागिरथा रोज ब्रशानं खिळे साफ करताना पाहत होती. म्हणून तिनं विचार करून सिग्मा उलटाच काढून दिला. मोहर उलटीच कोरायची असते, हे गोपीचंदला बापानं शिकवलं होतं. म्हणून त्यानं ते चित्र पुन्हा उलटं केलं. तीन दिवस खपून पितळेत बारीक अक्षर कोरलं, पौंड घासून काढला आणि त्या जागी ते झाळून बसवलं.

भागिरथानं कळ दाबली. सेवालालचा चेहरा उतरला.

"हे तं तीन झालं!"

भागिरथा सेवालालला घेऊन तडक दुकानात गेली आणि तिनं कागद गोपीचंदच्या समोर आपटला. "काका, मी सिग्मा सांगतला. तुमी तीन काहून केला?"

गादीवर बसलेल्या गोपीचंदनं चष्मा सरसावला. "तीन कोठी हाये? सिग्माच तं हाये."

"हा तीन हाये!"

"बाई, माह्ये डोये फुटले नाही अजून."

"सर मले हाकलून देतीन," सेवालाल रडकुंडीला आला. "प्रत्येक बेरजेच्या जागी तिप्पट वाचतीन. अळ्याच अळ्या होतीन साऱ्या वावरात!"

चिडून भागिरथा गादीच्या बाजूला गेली, बोट ठेवून दाखवायला. कागदावर वाकली. गोपीचंदच्या बाजूनं पाहिलं तर खरोखर झकास सिग्मा होता.

"काका," ती हळूच म्हणाली, "हे पितळ नुसतं फिरवून बसवा. खालचं वर."

अर्ध्या तासात काम झालं. या वेळी सिग्मा असा उमटला, की सेवालालनं एका ओळीत बारा सिग्मा मारायला लावले.

नऊ दिवसांनी शेवटचं पान राहिलं, आभाराचं. त्यात सेवालालनं भागिरथा आणि गोपीचंद दोघांची नावं घातली होती. स्वतःचं नाव टाइप करताना भागिरथा तीनदा चुकली आणि पाची प्रतींचे कागद फाडून तिला नवे लावावे लागले.

परीक्षा झाल्यावर सेवालाल दोघांसाठी पेढे घेऊन आला. पास झाला होता. "बाहेरचे परीक्षक अळ्यांचं कमी अन् टायपिंगचंच जास्त पुसत होते," तो म्हणाला. "म्हने, कोठी केलं एवढं सुंदर? मी म्हनलं, मालेगावले. तं त्याह्यले वाटलं, नाशिकचं मालेगाव."

"अन् तू गप राह्यला?" गोपीचंदनं हातातला पेढा खाली ठेवला. "जाय, चिठ्ठी लिव त्याह्यले!"