निउएचं कासव

वरमहालक्ष्मीच्या कलशापुढे, तांदळाच्या राशीवर, हळदकुंकू लावलेलं चांदीचं कासव विठोजीरावांनी पाहिलं आणि हातातली केळीची पानं तिथंच खाली ठेवली. कासव त्यांचंच होतं. सगळी वस्ती बंगळूरमधल्या बेळ्ळंदूरच्या एखाद्या इमारतीत मावेल एवढ्याशा निउए नावाच्या बेटाने खास संग्राहकांसाठी काढलेलं कासवाच्या आकाराचं नाणं.

वीजखात्यात कारकुनी करून निवृत्त झालेल्या या गृहस्थाने जन्मात समुद्र ओलांडला नव्हता. पण पलाऊ, तुवालू, कुक बेटं अशा देशांची चांदी त्यांच्या कपाटात सुखाने नांदत होती. येत्या रविवारच्या नाणेप्रदर्शनात त्यांना पहिल्यांदाच स्वतःचं टेबल मिळालं होतं आणि कासव त्याचा मानकरी होतं. या मानकऱ्याला बोटसुद्धा लावायचं नाही, असा या छंदाचा कायदा. सूनबाईंनी त्याला प्लास्टिकच्या डबीतून काढून विभूतीने लख्ख घासलं होतं. आरशासारख्या अंगावर नुसते ओरखडे. आता कुणी जाणकार त्याच्याकडे ढुंकूनही पाहणार नव्हता.

सूनबाई क्षमा पुण्याची. सासूबाई गेल्यापासून या घरात कलश बसला नव्हता. तो तिने यंदा हौसेने मांडला. कलशापुढे चांदी हवी असं शेजारच्या रम्याअक्कांनी सांगितलं होतं. कासव म्हणजे विष्णूचा अवतार, लक्ष्मीपुढे त्याच्याइतकं कोण शोभणार, असं तिला वाटलं. बिचारीचं काय चुकलं?

कुंकवाला आलेल्या बायका बसल्या होत्या. यशोवर्धनने वडिलांचा चेहरा पाहिला आणि बायकोच्या कानात काहीतरी सांगितलं. तिचा चेहरा खर्रकन उतरला. नेमकं तेव्हाच रम्याअक्कांनी कौतुकाने विचारलं, कासव फार सुरेख आहे, कुणी आणलं?

विठोजीरावांची नजर कासवावरच्या ओरखड्यांवरून हलत नव्हती. पण सुनेच्या डोळ्यांत पाणी तरळलं आणि त्यांना ते मुळीच बघवेना.

"मीच काढून दिलं, अक्का," ते म्हणाले. "किती वर्षं डबीत कोंडून ठेवायचं त्याला? स्वल्प देवाधर्माला लागू दे की."

बायका हसल्या. डोळे पुसता पुसता क्षमाही हसली. मग विठोजीरावांनी आरती म्हटली, पत्नी राजलक्ष्मी असताना म्हणायचे तशी, खणखणीत. घरात पुन्हा आरती होते आहे याचा त्यांना मनापासून आनंद झाला.

रविवारी त्यांच्या टेबलावरच्या मखमलीत मधली जागा रिकामी होती. त्यांची नजर राहून राहून तिथंच जायची. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी त्यांनी तिथं सुवाच्य अक्षरात चिठ्ठी ठेवली होती : 'कासव. देश : निउए. सध्या मुक्काम : आमचा देव्हारा, राजाजीनगर.'